सहकाराची वेस : कोनच्या आराखड्यावर काही आक्षेप

(कोन, ता. पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आमंत्रणासोबत तुमच्या मंडळींनी एक आराखडा पाठवला होता. संस्था नोंदवायची आहे, त्याआधी कुणीतरी बाहेरच्याने तो वाचावा, असा निरोप होता. मी तो दोनदा वाचला आणि समासात पेन्सिलीने बरेच काही लिहिले. आज त्यातलेच बोलणार आहे. कौतुक करायला पुष्कळ लोक येतील. मला बोलावलंय तर मी दोष काढतो.

पहिल्याच पानावर तुम्ही लिहिले आहे : ‘सहकारी, पर्यावरणपूरक आणि स्थानिक अर्थव्यवस्था’. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला तीन विशेषणे अशी ओळीने दिसली की तो तिथेच अडतो. एका नामाला तीन विशेषणे लावली म्हणजे त्यांचे आपसात पटतेच असे नाही. एखादी संस्था पुरेपूर सहकारी असेल आणि पाणी उपसून उपसून गाव कोरडे करील. एखादा धंदा अगदी स्थानिक असेल आणि त्याची मालकी एकाच घराकडे असेल. एखादा कारखाना पर्यावरणाचे सगळे दाखले भिंतीला लावून बसलेला असेल आणि त्याचा गावाशी संबंध फक्त फाटकावरच्या पहारेकऱ्यापुरता असेल. तेव्हा हे तीन शब्द एकत्र आणायचे तर ते कोणत्या गोष्टीने बांधायचे, हा प्रश्न आहे. तुमच्या आराखड्यात त्याचे उत्तर मला सापडले नाही. महाराष्ट्राच्या एकूण सहकार चळवळीतही ते क्वचितच सापडते, त्यामुळे फार वाईट वाटून घेऊ नका.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलून घेऊ. या जिल्ह्यात ‘सहकार’ हा शब्द उच्चारला की समोरच्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. २०१० मध्ये पेणच्या नागरी बँकेवर निर्बंध आले, २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना रद्द केला. इथल्या कितीतरी घरांत जमिनीच्या मोबदल्याचे, निवृत्तीचे, मुलीच्या लग्नाचे पैसे त्या दोन नावांत अडकले. विमा मिळाला त्यालाही मर्यादा होती. अशा ठिकाणी तुम्ही आराखड्याच्या चौथ्या पानावर बचत आणि पतपुरवठा विभाग काढायचे लिहिता, आणि तोही पहिल्या वर्षी! माझे मत स्पष्ट आहे. तो विभाग पाच वर्षे काढू नका. लोकांचा पैसा गोळा करणे हे सहकारातले सर्वांत सोपे काम आहे, आणि जिथे देखरेख सर्वांत अवघड तेही तेच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

सहकाराचा इतिहास सांगताना सगळे रॉचडेलपासून सुरुवात करतात. १८४४, इंग्लंडमधले एक गिरणीचे गाव, अठ्ठावीस माणसे, बरेचसे विणकर. स्वतःचे दुकान काढले. माल चोख, वजन खरे, एका सभासदाला एक मत. दुकानात काय होते? पीठ, लोणी, ओटचे पीठ, साखर, मेणबत्त्या. ही यादी मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे आणि विचारत असे, की यातली साखर कुठून आली? ती काही रॉचडेलच्या परसात पिकली नव्हती. समुद्रापलीकडे कुणीतरी ऊस तोडत होते. ते माणूस त्या दुकानाच्या वहीत सभासद म्हणून नव्हते आणि असायचे कारणही कुणाला दिसले नसते. म्हणजे ही चळवळ जन्माला आली तेव्हाच तिला एक वेस होती. वेशीच्या आत समता. वेशीबाहेर काय चालते, ते दुकानाने विचारायचे नव्हते.

योगायोग असा की आपल्याकडेही सहकार साखरेतच मोठा झाला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. आज त्या कारखानदारीला नावे ठेवण्याची फॅशन आहे. मी त्यात नाही. खासगी कारखानदार आणि सावकार यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याने भाग घेऊन, कर्ज उभे करून स्वतःचा कारखाना काढावा आणि तो चालवून दाखवावा, ही आपल्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते आले. गाडगीळांच्या मनात तर त्याहून मोठे चित्र होते. सगळी अर्थव्यवस्थाच सहकाराच्या पायावर उभी राहावी, नफेखोर भांडवल आणि सर्वंकष सरकार या दोन्हींच्या मधली वाट निघावी, असे ते मांडत. माणूस खरोखर मोठा.

पण त्या चित्रात दोन रिकाम्या जागा राहिल्या. ऊस लावणारा सभासद झाला, ऊस तोडणारा झाला नाही. बीडकडून दर दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन बैलगाडीने, ट्रकने निघणारी कोयत्याची जोडी पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात राबते. तिच्याशिवाय एक टिपरू हलत नाही. तिचे नाव मात्र सभासदांच्या यादीत नाही. वार्षिक सभेत तिला हात वर करता येत नाही. दुसरी रिकामी जागा पाण्याची. शेअर किती, भाव किती, उतारा किती, हे सगळे कारखान्याच्या हिशेबात बसते. नदीतून आणि विहिरीतून किती पाणी घ्यायचे, याचा खाना त्या वहीत कधी पाडलाच नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचे पाणी न्यावे लागले. त्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने होते आणि ते चांगले चाललेले म्हणून ओळखले जात. सहकार तिथे बुडाला नव्हता, यशस्वी झाला होता. हे फार अस्वस्थ करणारे आहे आणि सहकाराच्या भाषणांत याचा उल्लेख होत नाही.

इथे मला जे. सी. कुमारप्पा आठवतात. गांधींचे अर्थशास्त्री म्हणतात त्यांना. त्यांचे टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक १९४५चे, तुरुंगात लिहिलेले. त्यात ते निसर्गातल्या जगण्याच्या पद्धती पाहून अर्थव्यवस्थांची एक शिडी मांडतात. सर्वांत खाली परोपजीवी, दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारी. मग लुटारू, बागेत शिरलेल्या माकडासारखी. मग कष्ट करून घेणारी. त्याच्यावर समूहाची, म्हणजे मधमाश्यांची. आणि सर्वांत वर सेवेची, पिलाला भरवणाऱ्या पक्षिणीची. या शिडीतली मजा बघा. मधमाशी स्वतःपुरते जमवत नाही, पोळ्यासाठी जमवते. तरीही कुमारप्पा तिला सर्वांत वरच्या पायरीवर बसवत नाहीत. मला वाटते आपली सहकार चळवळ पोळ्याच्या पायरीवर पोचली आणि तिथेच तिने सत्कार स्वीकारायला सुरुवात केली. पोळ्यातल्या पोळ्यात प्रामाणिक वाटप करणे सोपे नाही, ते साधले तर चांगलेच. परंतु ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द लिहिला की प्रश्न पोळ्याबाहेरचा होतो.

(सभागृहातून प्रश्न : मग सहकार सोडून द्यायचा का?)

नाही, नाही. ऐका तर. मी तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. जास्त जुने आणि माझ्या मते जास्त शहाणे.

इथून दक्षिणेला पेण-अलिबागकडे खारेपाट आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ‘जोळ’ हा शब्द विचारा. समुद्राचे उधाण शेतात शिरू नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचे बांध घातलेले असत, पावसाचे पाणी बाहेर सोडायला उघाडी असे. एका बांधाच्या आत ज्यांची ज्यांची भातशेती, ते सगळे त्या बांधाला बांधलेले. दुरुस्ती श्रमदानाने, सगळ्यांनी मिळून. ही सामुदायिक व्यवस्था म्हणजे जोळ. कुणाचे उपविधी नव्हते, निबंधक नव्हता, लेखापरीक्षक नव्हता. पण एक गोष्ट होती. बांधाला खांड पडली की खारे पाणी तुमचे-माझे पाहत नाही. माझ्या खाचराच्या समोरचा बांध फुटला तर तुमचे शेत जाते, आणि एकदा मीठ बसले की पुढची काही वर्षे पीक धड येत नाही. राता भात खाऱ्यात तग धरतो, पण तोही काही समुद्रात पिकत नाही.

जोळात वाटून घ्यायचा नफा नव्हताच. नफा ज्याच्या त्याच्या खाचरात. एकत्र होती ती जोखीम, आणि तिच्यामागून येणारे काम. शिवाय बांध कुठे घालायचा हे समुद्र ठरवत असे. हाव सुटली म्हणून बांध चार कोस पुढे नेला तर पुढच्या उधाणात त्याचे उत्तर मिळे. निसर्गाची मर्यादा या व्यवस्थेच्या गाभ्यातच होती, शेवटच्या पानावरच्या परिशिष्टात नव्हती. तुमच्या आराखड्यात पर्यावरणाचे कलम शेवटून दुसऱ्या पानावर आहे, म्हणून हे बोललो.

आता लगेच जोळाचे गोडवे गाऊ नका. मला गावाच्या जुन्या व्यवस्थांचे भाबडे कौतुक करणाऱ्यांची थोडी भीतीच वाटते. ज्यांनी बांध राखला त्यांच्यातले किती तरी कुळे होती, आणि पिकलेल्या भाताचा मोठा हिस्सा खोताच्या कणगीत जाई. म्हणून तर अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून सहा वर्षे जमिनी कसायच्या बंद ठेवल्या. उपास काढले, मजुरी केली, पण नांगर धरला नाही. बांध सगळ्यांचा आणि भात एकाचा, अशी ती एकजूट होती. काम वाटले गेले म्हणजे सत्ता वाटली गेली असे नव्हे. जोळातून शिकायचे ते शिका, बाकीचे चरीच्या लोकांकडून शिका.

पुढे १९४८ चा खारभूमी कायदा आला, १९७९ चा आला, आणि बांध सरकारचे झाले. हेतू वाईट नव्हता. यंत्रे आली, निधी आला. पण खांड पडली की गावकरी फावडे घेऊन जाण्याऐवजी अर्ज घेऊन जाऊ लागला. अर्ज मंजूर होईपर्यंत दोन उधाणे येऊन जातात. खारेपाटात शेकडो एकर जमीन अशी नापीक होत गेली. आता उद्या कुणी म्हणेल, बांधदुरुस्तीची सहकारी संस्था काढू. काढा. नोंदणी एका दिवसात होईल, पण फावडे घेऊन जाण्याची सवय परत यायला किती वर्षे लागतील हे कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही.

ठरवून, कागदावर लिहून, आजच्या काळात कुणी हे केले का? केले. घाटावर, पुरंदर तालुक्यात. विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंते, उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे पाहून ते हलले आणि १९७४ च्या सुमारास नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेऊन कामाला लागले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मी तुम्हाला सावकाश सांगतो, कारण तुमच्या आराखड्याला खरे उत्तर त्यात आहे.

पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. तुमची जमीन वीस एकर असली तरी तेवढेच. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. तो दुसऱ्याच्या रानात वाट्याने करील. जमीन विकली तर पाणी तिच्यासोबत विकले जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. खर्चाचा काही भाग लाभधारकांनी स्वतः उचलायचा, फुकट काही नाही.

बघा, इथे तीनही विशेषणे आपोआप एका दोरीत आली. या पाणलोटात पाणी इतकेच आहे, हे आधी मान्य केले. मग ते कितीजणांत वाटायचे, हे ठरवले. मग त्यात कोणते पीक बसते, हे पाहिले. साखर कारखान्याची वाट उलटी होती : आधी कारखान्याची क्षमता ठरली, मग तेवढा ऊस हवा झाला, मग तेवढ्या उसाला पाणी शोधायला निघाले. क्रम बदलला की संस्थेचा स्वभाव बदलतो.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. स्वित्झर्लंडमधल्या त्योर्बेल नावाच्या डोंगराळ गावात १५१७ पासून नियम आहे, की हिवाळ्यात जितक्या गायी तुम्ही स्वतःच्या चाऱ्यावर पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात गावाच्या सामाईक कुरणात सोडायच्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासिकेने १९९० च्या पुस्तकात अशा अनेक गावांचे नियम तपासले; २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक मालमत्ता नासतेच, हा समज त्यांनी खोडून काढला. पण लोक त्यांचे अर्धेच सांगतात. त्यांनी दाखवलेल्या टिकलेल्या व्यवस्थांत सीमा ठरलेल्या होत्या, नियम मोडणाऱ्याला दंड होता, आणि नियम बदलण्याच्या बैठकीत ज्यांना तो पाळायचा आहे ते बसत होते. नुसता सद्भाव कुठेच पुरलेला नाही.

पाणी पंचायतीच्याही सगळ्या योजना टिकल्या नाहीत. साळुंखे २००२ मध्ये गेले. सरकारने त्या नियमांचे कौतुक केले, पुरस्कारही दिले, पण स्वतःच्या कालव्यांना ते नियम लावले नाहीत. शेजारी कालव्याने हवा तितका ऊस भिजत असताना अडीच एकरांची मर्यादा पाळणाऱ्याला किती दिवस धीर राहील? एक गाव शहाणे झाले म्हणून भागत नाही, हे या प्रयोगाने शिकवलेले कटू सत्य आहे.

आता तुमच्या तिसऱ्या शब्दाकडे येऊ : ‘स्थानिक’. या शब्दावर तुमचे प्रेम आहे आणि त्याचाच अर्थ सर्वांत सैल आहे.

इथून कोन-सावळे रस्त्याने रसायनीकडे जा, तिथे पाताळगंगा आहे. तिच्या पाण्यावर या पट्ट्यातले कारखाने आणि वस्त्या जगतात. ते पाणी कुठले? पावसाळ्यात इथले. उरलेल्या महिन्यांत त्यातले पुष्कळसे खोपोलीच्या वीजघरातून येते. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांत अडवलेले, म्हणजे मूळ पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जायचे पाणी. ते १९१५ पासून घाटाखाली सोडले जाते, वीज करण्यासाठी. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. म्हणजे आपल्या ‘स्थानिक’ नळाचे एक टोक पंढरपूरच्या वाळवंटात आहे असे म्हटले तरी चालेल. आपण इथे सेंद्रिय पालक पिकवून ‘स्थानिक’ अशी चिठ्ठी लावतो, तेव्हा सोलापूरकडचा शेतकरी त्या हिशेबात आहे की नाही? पाणी घेऊच नका असे मी म्हणत नाही. पण ‘स्थानिक’ हा शब्द आपल्याला निर्दोष करत नाही, एवढे लक्षात ठेवा.

तुमच्या तेलघाण्याचेही तसेच. घाणा चांगला. पण या भागात शेंगदाणा किती होतो? बी बाहेरून, बाटली बाहेरून, गिऱ्हाईक मोटारीतून येणारे. स्थानिक फक्त फिरणारा घाणा. तुम्ही म्हणाल, तारा गावात चालतोच की. गोवा महामार्गावर, कर्नाळ्याच्या पलीकडे, युसूफ मेहेरअली सेंटर. १९६१ ची संस्था, डॉ. जी. जी. परीख यांनी उभी केलेली. ते २ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाची शंभरी गाठून गेले. तिथे घाण्याचे तेल आहे, साबण आहे, मातीची भांडी आहेत. पण ताऱ्याचा घाणा एकटा नाही. त्याच्या आगेमागे दवाखाना आहे, शाळा आहेत, आदिवासी वाड्यांत केलेले काम आहे, आणि साठ वर्षे तिथे टिकून राहिलेली माणसे आहेत. तुम्ही त्यातला घाणा तेवढा उचलला, कारण तो आराखड्यात लिहिता येतो.

आता जरा तुमच्याच गावाकडे पाहू. कोन हे आज कुणाचे गाव आहे? आराखड्यात लिहिले आहे, ‘सभासदत्व : कोन व परिसरातील सातबाराधारक’. हे वाचून मी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. २०१३ पासून हा भाग विमानतळ प्रभावक्षेत्राच्या, म्हणजे ‘नैना’च्या नियोजनात आहे. त्या योजनांत शेतकऱ्याच्या जमिनीतला चाळीस टक्के भाग विकसित भूखंड म्हणून परत मिळतो. म्हणजे ज्या सातबाऱ्यावर तुम्ही संस्था उभी करताय, तो सातबाराच हातात राहायची खात्री नाही. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या घरांतली मुले इथे बसली आहेत. जमिनीशी तुमचे नाते काय किमतीचे आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, त्या नात्याला सभासदत्वाचा दाखला करू नका. सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो, त्यामुळे निम्मे गाव पहिल्याच दिवशी बाहेर राहील. कातकरी वाडीतले तर सगळेच.

आणि समोर त्या उंच इमारती आहेत ना, त्यांतले लोक? २०१६ च्या सोडतीत कोनमधली सुमारे २,४०० घरे गिरणी कामगारांना लागली. ताबा मिळायला पुढे अनेक वर्षे गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास माणसे उतरली होती, त्यांतली काही कुटुंबे फिरत फिरत चाळीस वर्षांनी तुमच्या वेशीशी आली आहेत. तुमच्या आराखड्यात ती एकदाच येतात, ‘संभाव्य ग्राहक’ म्हणून. रॉचडेलचे विणकर तरी स्वतः गिरणीतले होते हो! इथे गिरणीतली माणसे दाराशी येऊन राहिली आहेत आणि सहकारी संस्था त्यांना भाजी विकायचा विचार करते आहे.

त्या लोकांकडे सहकाराचा अनुभव तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. गिरणगावातल्या खाणावळी आठवा. गावाकडून एकटा आलेला कामगार ज्यांच्या हातचे जेवून उभा राहिला, त्या बायका सावकाराकडून महिन्याच्या बोलीने पैसे उचलत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवले. तारण काय होते? जमीन नव्हती, दागिना नव्हता. एकमेकींची हमी. जोळासारखेच, जोखीम एकत्र. मला हे उदाहरण तुमच्या तेलघाण्यापेक्षा कोनच्या जास्त जवळचे वाटते. या पट्ट्यात गोदामे आहेत, बांधकामे आहेत, विमानतळाची कामे आहेत, दिवसभर बाहेर खाणारी हजारो माणसे आहेत. त्यांना डबा कोण देते? त्या डब्यासाठी इथला तांदूळ, इथली भाजी, इथले हात लागले, खरकटे इथेच खतात गेले, तर त्याला स्थानिक म्हणायला माझी हरकत नाही. सुरुवात लहान होईल. चालेल.

एक शंका इथे रास्त आहे. बाहेरून आलेल्यांना मत दिले तर उद्या त्यांचीच संख्या जास्त होईल, मग भूमिपुत्राचे काय? या भीतीला हसण्यात अर्थ नाही. या तालुक्याने फार वेळा फसवणूक पाहिली आहे. पण उपाय दारे लावण्यात नाही. पाणी पंचायतीने जमीनवाल्याची जमीन काढून घेतली नाही, फक्त पाण्याला जमिनीपासून सोडवले. तसे तुम्हाला ठरवता येईल : जमीन ज्याची त्याची राहील, संस्थेच्या कामात आणि निर्णयात जो इथे राहतो आणि राबतो त्याला मत. कायद्याला सुरुवातीला वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसे पुरतात. ती दहा कोण, हे तुम्ही निवडायचे आहे. दहाही सातबाराधारक पुरुष असतील तर पुढची वीस वर्षे मला आजच दिसतात. पॅनेल पडतील, जेवणावळी होतील आणि संस्थेच्या जागेवर एक दिवस गाळे निघतील.

आणि मर्यादेचे कलम. आदर्श उपविधी छापील मिळतात. त्यात हे कलम मिळणार नाही, ते तुम्हालाच लिहावे लागेल. भाजीपाल्यासाठी बोअर किती खोल, किती तास, आणि मे महिन्यात शेजारच्या वाडीची विहीर आटली तर संस्थेचा पंप त्या दिवशी बंद होणार का? ‘होणार’ असे लिहायची तयारी असेल तर पहिल्या पानावरचे ते मधले विशेषण ठेवा. तयारी नसेल तर खोडून टाका, संस्था मग नुसती सहकारी राहील, तीही वाईट नाही. पण खोटे विशेषण ठेवू नका. २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी सहकाराचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा सगळीकडच्या फलकांवर ही तीनही विशेषणे होती. फलकांना विहीर मोजावी लागत नाही.

माझी सूचना अशी की नोंदणीचा अर्ज दोन महिने थांबवा. तेवढ्यात उन्हाळा येईल. तुमच्यातली चार मुले, इमारतीतल्या दोन-तीन बायका आणि कातकरी वाडीतले कुणी असे मिळून परिसरातल्या विहिरी आणि बोअर हिंडून पाहा, पाणी कुठे किती खाली गेले ते वहीत लिहा. डबे कुठून येतात, कितीला येतात, तेही लिहा. त्या वहीवरून नवा आराखडा करा आणि मला पाठवा. मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसेन.

आता प्रश्न घेऊ. मघाशी मागच्या रांगेतल्या ताईंनी हात वर केला होता, आधी त्यांना बोलू द्या.